गिअरबॉक्सच्या फिल प्लगचा षटकोन गोल झालाय, प्लग काढायचा कसा?

तुमच्या प्रश्नातली कळीची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या फिल प्लगमध्ये (तेल भरायच्या भोकाच्या बुचात) १० मिमीची ॲलन की (षटकोनी चावी) घसरून खाचेचा षटकोन गोल झाला, खालचा ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) मात्र सहज सैल होतोय, तर तोवर जुनं तेल काढून ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. तेल काढलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागच्या जागी अडकली. गळती नसेल तर आत्ता आत जुनं का होईना, तेल आहे. गरज पडली तर गाडी चालवत वेल्डिंगवाल्यापर्यंत नेता येईल. तेलबदलाचा नियमच आहे: आधी भरायचं भोक उघडायचं, मग रिकामं करायचं.

आता नेमकं काय गेलंय ते बघा. प्लग जागचा हलत नसेल तर फक्त षटकोन गेलाय आणि आटे बहुधा शाबूत आहेत. प्लग गोल गोल फिरतोय पण बाहेर येत नसेल, तर आटे गेलेत. तसं असेल तर प्लगच्या कडेखाली पातळ पाचर घालून बाहेर रेटत फिरवावा लागतो. तुमच्या वर्णनावरून पहिलाच प्रकार दिसतो, म्हणून पुढचं त्याबद्दल.

असे प्लग बहुतेक दोन कारणांनी बिघडतात. पोलादी प्लग ॲल्युमिनियमच्या घरात (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचात) बसलेला असतो. पाणी-चिखल लागून दोन धातूंच्या सांध्यात क्षार धरतो, त्यात आधीच्या माणसाने गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. दुसरं कारण साधं आहे: षटकोनाच्या तळाशी चिखल घट्ट बसलेला असतो, की अर्धीच आत जाते आणि सगळा जोर वरच्या दोन-तीन मिलिमीटरवर येऊन कोपरे सोलले जातात. म्हणून काहीही करण्याआधी टोकदार सुईने आणि तारेच्या ब्रशने तळापर्यंत खरवडा. कधी कधी तळाशी बरे कोपरे शिल्लक निघतात आणि चांगल्या प्रतीचा, पूर्ण आत जाणारा बिट तेवढ्यावरच काम करतो.

मग प्लगभोवती गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लगच्या तोंडावर जाड पंच धरून हातोडीचे आठ-दहा सरळ ठोके द्या. आट्यांमधला क्षार ताकदीपेक्षा हादऱ्याने लवकर तुटतो. ठोका प्लगवरच बसला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या घरावर बसला तर तडा जाऊ शकतो.

यानंतरचा उपाय तुमच्यासारख्या केसमध्ये मी सगळ्यात आधी करून बघेन. गोल झालेल्या १० मिमीच्या षटकोनात टी-५५ टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा) बिट ठोकून बसवा. ८ मिमीचा प्लग असता तर टी-५०. बिटच्या सहा कडा पोलादात स्वतःच्या खाचा पाडतात आणि ॲलनपेक्षा घट्ट धरतात. बिट इम्पॅक्टचा मार सोसणारा घ्या आणि अगदी सरळ ठोका. लांब दांड्याने जोर लावताना दुसऱ्या हाताने सॉकेट प्लगकडे दाबून धरा, बिट तिरका झाला की पुन्हा सोलणार. आधी केसभर आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. दिशा प्लगकडे तोंड करून ठरवा. गाडीखाली आडवं पडल्यावर डावं-उजवं हमखास उलटं होतं. गाडी अर्थातच स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही.

तरीही हलला नाही तर उष्णता. इथे लोक नेमकं उलटं करतात, प्लगच तापवतात. तापवायचं प्लगच्या भोवतीचं घर. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे प्लगची पकड ढिली होते. हॉट एअर गन पुरते. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झाला पाहिजे, इतपत तापलं की लगेच फिरवा. जवळच ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील आणि रबरी बूट असतात, त्यांच्यावर झोत नको. तापवण्याआधी मारलेलं तेल पूर्ण पुसा, ते पेट घेतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तर जवळपासही नको, तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो.

प्लगला बाहेर आलेली कड असेल तर छिन्नीही चालते: कडेवर आधी सरळ ठोकून खाच पाडायची, मग छिन्नी तिरकी धरून सोडायच्या दिशेने मारायची. प्लग घराच्या पातळीत बुडालेला असेल तर हा मार्ग बंद.

खात्रीचा उपाय म्हणजे नट वेल्ड करणं. प्लगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान नट घ्यायचा, म्हणजे वेल्ड घराला लागणार नाही, आणि नटच्या भोकातून आत भरत यायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. वेल्ड केल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबा. तापून फुगलेला प्लग निवताना आकसतो आणि आट्यांतली पकड तुटते. मग साध्या पान्ह्याने फिरतो.

ड्रिल आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (ड्रिलच्या भोकात रुतवून प्लग उलटा फिरवायचं हत्यार) मी शेवटीच ठेवेन. एक्स्ट्रॅक्टर प्लगला आतून फुगवून आणखी घट्ट करतो, आणि आत तुटला तर इतका कडक असतो की साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही. शिवाय पोलादाचा कीस गिअरबॉक्समध्ये पडतो. ड्रिल करावंच लागलं तर बिटला भरपूर ग्रीस लावा, आणि नंतर थोडं ताजं तेल ओतून ते खालून वाहू द्या.

यातलं काहीच शक्य नसेल तर अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या किंवा स्पीड सेन्सरच्या भोकातून तेल भरता येतं. फक्त अशा वेळी पातळी कळत नाही, म्हणून पुस्तिकेत दिलेलं माप मोजूनच ओता.

प्लग निघाला की घरातले आटे नीट बघा. थोडे खराब असतील तर ग्रीस लावलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, पूर्ण गेले असतील तर आट्यांचा इन्सर्ट बसवा. प्लग आणि वॉशर नवेच. टॉर्क (आवळायचा जोर) पुस्तिकेतला, अनेक गाड्यांत तो ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे लांब दांड्याची गरजच नाही. तेल पुस्तिकेतल्याच दर्जाचं घ्या. जीएल-४ सांगितलं असताना नुसतं जीएल-५ घातलं तर सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. भरताना गाडी चारी बाजूंनी सपाट हवी, आणि तेल भोकाच्या खालच्या ओठावरून बाहेर पाझरायला लागलं की थांबा, पाझर बंद झाला की प्लग लावा.