सुई हलते, पण उशिरा

प्रश्न : ब्लेड रनर मी आत्ता पहिल्यांदा पाहिला. ज्याला मारायला हिरो निघालाय तोच शेवटी हिरोला पडताना धरून वर ओढतो आणि मग स्वतः पावसात बसून मरतो, मला रडूच आलं. पण मित्र म्हणतो मूळ कादंबरीत असलं काही नाही, तिथले अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे बनवलेले यंत्रमानव, निर्दयच आहेत. मग लेखकाला म्हणायचं काय होतं? आणि माणुसकी मशीनने मोजता येते का हो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण अर्धंच. फिलिप के. डिकची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' ही कादंबरी १९६८ची. पिक्चर जून १९८२ला लागला आणि त्याआधीच, मार्चमध्ये, डिक गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

कादंबरीत तो गच्चीवरचा प्रसंग नाहीच. तिथे युद्धानंतरची किरणोत्सारी धूळ आहे, प्राणी जवळजवळ संपलेत, त्यामुळे घरी खरी मेंढी किंवा बकरी असणं म्हणजे प्रतिष्ठाही आणि माणुसकीचा पुरावाही, आणि ज्याला परवडत नाही तो गुपचूप इलेक्ट्रिक मेंढी पाळतो, अँड्रॉइडची शिकार करणारा आपला हिरो डेकार्डसुद्धा.

आता समोरचा माणूस की अँड्रॉइड हे ओळखायच्या टेस्टचं. गालाला तारा लावलेली चकती चिकटवायची, डोळ्यात प्रकाशाचा बारीक झोत सोडायचा आणि विचारायचं, वाढदिवसाला कुणी वासराच्या कातड्याचं पाकीट दिलं तर काय कराल? तोंडाने काय सांगता त्यापेक्षा चेहऱ्यावरच्या केशवाहिन्या आणि डोळ्याचे स्नायू काय करतात ते महत्त्वाचं, कारण ते ठरवून करता येत नाही. रेचल नावाच्या तरुणीची टेस्ट संपल्यावर डेकार्ड सहज बोलल्यासारखं म्हणतो, माझी बॅग बघ, तान्ह्या बाळाच्या कातड्याची आहे. यंत्राच्या सुया हलतात, पण क्षणभर उशिरा. तेवढ्यावर ती अँड्रॉइड म्हणून पकडली जाते. इथे हादरायचं असतं हे तिला माहीत होतं, फक्त ते आठवायला वेळ लागला.

पण मोजता येते का म्हणाल तर डिकने स्वतःच त्यात खोच ठेवलीये. फिल रेश नावाचा दुसरा शिकारी आहे, तो लुबा लुफ्त या ऑपेरा गाणाऱ्या अँड्रॉइडला इतक्या थंडपणे मारतो की डेकार्डला वाटतं हाच अँड्रॉइड असणार. टेस्ट होते, रेश माणूस निघतो. आणि मग डेकार्ड स्वतःवर टेस्ट लावतो तर सुई सांगते की याचा जीव त्या मेलेल्या गायिकेसाठी तुटतोय. मला विचाराल तर कादंबरीचा गाभा इथे आहे.

ही कल्पना आली कुठून तर आधीच्या एका कादंबरीसाठी डिक नाझींची कागदपत्रं वाचत होता, त्यात पोलंडमधल्या एका एसएस (हिटलरचं निमलष्करी दल) माणसाची डायरी होती, आणि त्याने तक्रार लिहिली होती की उपाशी पोरांच्या रडण्याने रात्री झोप लागत नाही. पोरं उपाशी आहेत याचं काही नाही, आपली झोपमोड झाली याचं दुःख! डिकचा अँड्रॉइड तिथून आला, म्हणजे मुळात तो हाडामांसाचा माणूसच होता.

म्हणून तो जाळं विणणाऱ्या कोळ्याचा प्रसंग मला परत वाचवत नाही. इझिडोर हा बुद्धी कमी ठरवून समाजाने बाजूला काढलेला साधा माणूस, त्याला एक जिवंत कोळी सापडतो आणि तो आनंदाने दाखवायला आणतो, तर प्रिस ही अँड्रॉइड नखं कापायच्या कात्रीने त्याचे पाय एकेक करून कापते, चार पायांवर चालतो का बघायला. दुष्टावा नाही हो त्यात, नुसतं कुतूहल. शेवटी इझिडोरच त्या कोळ्याला सिंकमध्ये बुडवून सोडवतो.

तेव्हा पिक्चरमधल्या त्या हातासाठी तुम्ही रडलात ते डिकच्या विरुद्ध नाही गेलं. कादंबरीच्या शेवटी डेकार्डला वाळवंटात एक बेडूक सापडतो, हरखून घरी आणतो, आणि बायको इरानला त्याच्या पोटावर झाकण दिसतं. इलेक्ट्रिक. तो खचतो, पण म्हणतो की या इलेक्ट्रिक वस्तूंनाही त्यांचं त्यांचं आयुष्य असतंच. मग तो झोपी जातो आणि इरान फोन करून त्या बेडकासाठी नकली माश्या मागवते.