बाळंतिणीले पाणी देता की नाही?

या वेळी पत्रं भरपूर आली पण जागा तेवढीच, म्हणून चारच घेतली. नावं, गावं छापली नाहीत, फक्त तालुका. आणि दर वेळी सांगते तसं, मी 31 वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होती, डॉक्टर नाही, त्यामुळे माझं वाचून दवाखान्यात जायचं टाळू नका.

प्रश्न : मावशी, माझं पहिलं बाळंतपण, माहेरी आली आहे, मुलगा झाला, आज चौदावा दिवस. नॉर्मल झालं पण टाके आहेत. आमच्याकडे आजी सगळं पाहते. खिडक्या बंद, दाराला गोधडी, बाजेखाली दोन्ही टाइम शेगडी आणि पाणी दिवसभरात चार-पाच कप, तेही गरम. जास्त मागितलं की म्हणते पोट सुटीन, बाळाले सर्दी होईन. संडासला चार चार दिवस होत नाही, लघवीला जळजळ होते. परवा बाळाचं अंग तापलं होतं, दवाखान्यात नेलं तर डॉक्टर आईवर ओरडले. आजीचं खरं का डॉक्टरचं? आजीला दुखवायचं नाही मला. (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला पंचवीसेक वर्षांपूर्वीची एक खोली आठवली. असाच वैशाख, बाहेर 45 डिग्री, आत निखारे, ओव्याची धुरी इतकी की दारातूनच माझे डोळे चुरचुरायला लागले. बाजेवरची पोरगी एकोणीस-वीसची असेल. बाळाचं वजन करायला मी खाली वाकली तं दिसलं, तिच्या उशीखाली एक ओलं फडकं होतं, न्हाणीघरातून लपवून आणलेलं, आणि कोणी नसलं की ती त्याचा कोपरा चोखत होती. घरात नळ होता, माठ होता, सगळं होतं. घरचे काही दुष्ट नव्हते हो, सासूनं डिंकाचे दोन डबे लाडू केले होते तिच्यासाठी. फक्त पाणी तेवढं नाही.

तर सरळ सांगते, पाणी पी. प्यायचं तेव्हा पी, मागून पी, बाळाला पाजायला बसलीस की बाजूला तांब्या ठेव आणि आधी स्वतः ग्लासभर पी. दिवसाला तीन लिटरच्या आसपास तरी पोटात गेलं पाहिजे आणि या उन्हाळ्यात त्याहून जास्त. आईच्या दुधात शंभरातले 87-88 भाग नुसतं पाणी असतं, ते कुठून येणार? तुला जे संडासला होत नाही ते पाणी नाही म्हणूनच, आणि कुंथून टाक्यांवर ताण येतो तो वेगळा. लघवीच्या जळजळीचं मात्र नुसत्या पाण्यावर सोडू नकोस, उद्याच लघवी तपासून घे, बाळंतपणानंतर तिथं इन्फेक्शन पटकन होतं आणि थंडी वाजून ताप आला तं मग अॅडमिट व्हायची पाळी.

पोट सुटतं ते पाण्यानं नाही. नऊ महिने ताणलेली पिशवी मूळ जागी यायला सहा आठवडे लागतात, पोटाचे स्नायू तर त्याहून सावकाश, मग पाणी पी की नको पिऊ. पोट बांधायचं तर मऊ लुगड्यानं हलकं बांध, श्वास घेता आला पाहिजे.

आता शेगडी. हे बघ, आजीचं सगळंच चूक असं मी म्हणत नाही. त्यांच्या काळी हिवाळ्यात मातीच्या घरात, ओल आलेल्या भिंती, पाचव्या दिवशीच बाळंतिणीला धुणं-भांड्याला लावायचे, तेव्हा 'सव्वा महिना तिले हात लावू नका, शेकू द्या' असं म्हणून कोणत्या तरी शहाण्या बुढीनं तिला आराम मिळवून दिला असेल असं मला नेहमी वाटतं. आराम ठेवा की! तेल-मालीश ठेवा, कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी ठेवा (टाक्यांवर नाही), लाडू ठेवा, हळीव ठेवा, पण लाडू जेवणाच्या जागी नाही, जेवणावरून. भाकर, तुरीचं घट्ट वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, अंडं चालत असेल तं अंडं, हे रोज. रक्तवाढीची लाल गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते आणि ती चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत घे, चहानं तिचा उपयोग मरतो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या टाइमाला, दोघींमधे दोनेक तास जाऊ दे.

निखारे मात्र काढाच. बंद खोलीत कोळसा जळला की जो वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच राहतो. आणि बाजेखालून गोधडीनं पेट घेतल्याचं तं मी स्वतः पाहिलं आहे.

बाळाचं अंग तापलं ते बहुतेक याच भट्टीमुळे, पण महिन्याच्या आतल्या बाळाच्या तापाला 'उन्हाचं आहे' म्हणून सोडायचं नसतं हेही खरं, तुम्ही दवाखान्यात नेलं ते बरोबरच केलं. पुन्हा झालं तं काखेत थर्मामीटर लाव, 99.5 च्या वर असलं तं कानटोपी-दुपटी काढ, खोली गार कर, दूध पाज, अर्ध्या तासानं परत बघ. उतरला नाही तं दवाखाना. आणि बाळ ओढत नसलं, सुस्त पडलं असलं तं अर्धा तासही थांबायचं नाही. कुलर लावला तं चालतो, झोत थेट बाळावर नको एवढंच. दिवसातून सहा-सात वेळा शू होऊन राहिली म्हणजे बाळाला दूध पुरतं. त्याला वरचं पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, सहा महिने फक्त दूध. म्हणजे घरात पाणी प्यायचं कोणी तं तू!

आजीला दुखवायचं नाही म्हणतेस, तं भांडू नको. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, आता 21 व्या दिवशी आली की तिलाच आजीसमोर बोलायला लाव, आणि तोवर आजीला सांग पाणी उकळून गार केलेलं आहे, ओवा घातलेला आहे. ओव्यानं फार काही होत नाही पण आजीच्या हातून तांब्या सुटतो.

प्रश्न : मॅडम, पत्नीला सहावा महिना चालू आहे, पहिलंच आहे. सरकारी पैसे किती मिळतात, कोणी पाच म्हणतं कोणी सहा. आणि एका दवाखान्यात माझ्या वहिनीच्या वेळी औषधं बाहेरून आणायला लावली होती, घरी यायला गाडी पण आम्हीच केली. (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : भाऊ, दोघंही बरोबर. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000, दोन हप्त्यांत, 3000 नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, 2000 बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तं 6000 एकदम. पात्रतेच्या अटी आहेत, त्या अंगणवाडीत नाहीतर आशाताईला विचारा, आणि खातं बायकोच्या नावाचं, आधार जोडलेलं पाहिजे, तुमचं नाही. निम्मे फॉर्म तिथंच अडतात. नोंदणी लवकर करा, सहावा महिना म्हणजे आधीच उशीर. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा एससी-एसटी घरच्या बाईला गावाकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षाचे 700 वेगळे.

वहिनीच्या वेळी जे झालं ते व्हायला नको होतं. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, तपासण्या फुकट आहेत, जेवण नॉर्मलला 3 दिवस, सीझरला 7 दिवस, आणि गाडी जातानाची तशी घरी सोडायचीही. 102 ला फोन करा. बाहेरची चिठ्ठी दिली तं ती फेकू नका, घेऊन वैद्यकीय अधीक्षकाच्या टेबलावर ठेवा आणि तिथंच उभे राहा. आरडाओरडा केला तं काम होत नाही, उभं राहिलं तं होतं, हा माझा अनुभव.

प्रश्न : ताई, दोन महिने झाले आहेत. तपासणीत मला सिकलसेलचं एएस निघालं, मग यांचं केलं तर यांचंही एएस. सासू म्हणते तुझ्या रक्तातच दोष आहे. (कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : सासूबाईंना विचार, मग त्यांच्या मुलाच्या रक्तात काय आहे? (विचारू नको, घरात राहायचं आहे. पण उत्तर मनात ठेव.) सिकलसेल हा आईबापाकडून बाळात उतरणारा रक्ताचा आजार. एएस म्हणजे तू आजारी नाहीस, फक्त वाहक आहेस, लाल गोळीही बाकीच्यांसारखीच घ्यायची. प्रश्न बाळाचा आहे. दोघंही वाहक असले की दर खेपेला चारातला एक चान्स एसएसचा, म्हणजे आजाराचा, दोन चान्स तुमच्यासारख्या वाहकाचे आणि एक एकदम निर्मळ. आणि हे दर खेपेला नव्यानं, पहिलं बाळ चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचा हिशोब बदलत नाही.

तुझे दोन महिनेच झाले हे फार चांगलं झालं. साधारण दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाला आजार आहे का ते तपासता येतं. हे सगळीकडे होत नाही, म्हणून या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयात दोघं रिपोर्ट घेऊन जा आणि कुठं पाठवतात ते विचारा, सोंगणी झाल्यावर जाऊ म्हणाल तं वेळ निघून जाईल. तपासणी करायची की नाही, पुढं काय, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. नाही केली तरी बाळ झाल्याबरोबर त्याची तपासणी करून घ्या, लवकर कळलं की औषधं लवकर सुरू होतात.

प्रश्न : सिस्टरबाई, मी सासू लिहून राहिली. सुनेले मुलगी झाली त्याले दीड महिना झाला. आम्हाले मुलगीच पाह्यजे होती, कोणी काही बोललं नाही. पण ते रडते. रात्रभर टक्क जागी, पोरीले दूध पाजते अन् बाजूले ठेवून देते, पाह्यत नाही. बाहेरचं असन म्हणून अंगारा आणला, फरक नाही. काल म्हणे आई, मी मेली तं इले तुम्ही चांगली सांभाळसान. मले भेव वाटते. (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : हे पत्र छापायला मी थांबली नाही ताई, तुम्ही खाली नंबर दिला होता, त्याच दिवशी फोन केला. तुमच्या परवानगीनं बाकीच्यांसाठी लिहिते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. दोन आठवड्यांवर गेलं, झोप नाही, भूक नाही, बाळाची ओढ नाही, तं तो आजार आहे, मलेरिया असतो तसाच आजार, आणि त्याला औषध आहे. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देतात. आणि मरायची भाषा, कानात कोणी बोलतं म्हणणं, बाळाला काही करून टाकीन असं वाटणं, यातलं एक जरी असलं तं त्याच दिवशी दवाखाना. तोवर तिला एकटीला ठेवायचं नाही, बाळासोबत एकटीला तं नाहीच, घरातली फवारणीची औषधं कुलपात. रात्री-बेरात्री बोलायला 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

फोनवर मी ताईंना विचारलं, ती सलग किती वेळ झोपते? म्हणाल्या, आम्ही तिले झोपू देतो नं, पोरगी रडली तरच उठवतो. पोरगी दर दोन तासांनी रडते! मग ठरलं, पाजून झालं की पोर आजीच्या खोलीत, पुढच्या दुधाच्या वेळेलाच परत, ढेकर-लंगोट-झोका सगळं आजीकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गाडी काढून दवाखान्यात न्यायचं. नेलं. औषधं सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात परत फोन आला तेव्हा मागून पोरीचा रडायचा आवाज येत होता आणि कोणीतरी म्हणत होतं, 'द्या आई इकडे, भूक लागली तिले.' मी विचारलं कोण बोलून राहिलं, तं म्हणाल्या, तेच.