वाचक विचारतात : फ्रेंच टोस्ट, फळं आणि रविवारचा उशिराचा नाश्ता

रविवारी नाश्ता आणि जेवण एकातच उरकायचं असलं की गोड फ्रेंच टोस्ट सोयीचा पडतो. त्याबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ताई, माझा फ्रेंच टोस्ट वरून काळपट होतो आणि मधे नुसता लगदा राहतो. ब्रेड ताजाच आणते, दूधही भरपूर घालते. मग चुकतं कुठे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : ‘ताजा’ आणि ‘भरपूर’ या दोन्हींतच चूक आहे. ताज्या ब्रेडमध्ये मुळातच ओल असते. त्यात आणखी दूध मुरलं की त्याचा ढाचा ढासळतो. ब्रेडमधली ओल आधी निघाली, तरच तिच्या जागी अंड्या-दुधाचं मिश्रण शिरतं आणि आतल्या आत बांधलं जातं.

त्यासाठी ब्रेड नुसता शिळा असून भागत नाही, तो कोरडा हवा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिलेला ब्रेड कडक लागतो, पण त्याची ओल पिशवीतच कोंडलेली असते. स्लाइस जाळीवर एकेक मांडून रात्रभर उघडे ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन-तीन तासही पुरतात. पावसाळ्यात मात्र असे वाळत नाहीत, तेव्हा कोऱ्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं शेका. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त पृष्ठभाग खरखरीत लागला पाहिजे. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा पुडा टाकून द्या, तेवढाच तुकडा कापून बाकीचा वापरू नका.

प्रमाण असं : नेहमीच्या जाडीच्या ४ स्लाइसना २ अंडी, १२० मिली दूध, १ मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि पाव छोटा चमचा वेलदोड्याची पूड. गावरान अंडी लहान असतात, ती ३ घ्या. बेकरीतून अख्खा ब्रेड आणून घरी बोटभर जाड काप केले, तर एवढ्या मिश्रणात तीनच भिजतील. दूध याहून वाढवलं की अंड्याची पकड सुटते आणि तुम्ही लिहिलेला लगदा तयार होतो.

आधी अंडी, साखर आणि मीठ चांगलं फेटा, दूध नंतर घाला. सगळं एकदम ओतलं की पांढरा बलक नीट मोडत नाही आणि टोस्टवर पांढरे डाग उठतात. शंका असेल तर मिश्रण गाळून घ्या. वेलदोडा किंवा दालचिनीची पूड साखरेत मिसळूनच घालावी. वरून भुरभुरली तर ती तरंगत राहते आणि पहिल्याच स्लाइसला सगळी चिकटते. खोलगट भांड्याऐवजी पसरट ताटलीत भिजवा : साधा स्लाइस एका बाजूला १५ ते २० सेकंद, जाड असेल तर ४० सेकंद. उचलल्यावर जादा मिश्रण निथळू द्या.

आता काळपटपणाचं कारण. मिश्रणात साखर आहे आणि लोण्यात दुधाचे कण आहेत. मोठ्या आचेवर दोन्ही करपतात आणि अंडं आत कच्चंच राहतं. लोण्याऐवजी साजूक तूप घ्या, ते सहज जळत नाही. लोण्याचा वास हवाच असेल तर अर्धं तूप, अर्धं लोणी. मध्यमहून थोड्या कमी आचेवर एका बाजूला अडीच-तीन मिनिटं, जाड काप चार मिनिटं. मधोमध बोटानं दाबून बघा : खळगा लगेच भरून आला आणि ओलं काही झिरपलं नाही, म्हणजे झालं. तवा नॉनस्टिक किंवा डोशाचा मुरलेला बिडाचा घ्या. भाकरीच्या कोरड्या तव्यावर अंडं हमखास धरतं.

प्रश्न : आमच्या घरात अंडं चालत नाही. दूध-साखरेत बुडवून भाजलं तर नुसता गोड ओला ब्रेड होतो. काही उपाय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : अंड्याचं बांधण्याचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागेल. कस्टर्ड पावडर त्याला उत्तम, कारण ती मुख्यतः मक्याचं पीठच असते. पुड्यावरचा हिरवा ठिपका तेवढा पाहून घ्या. ४ स्लाइसना १५० मिली गार दूध, २ सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर, १ मोठा चमचा साखर, १ चमचा घोटलेली साय आणि चिमूटभर मीठ. दूध गारच हवं, गरम दुधात गुठळ्या होतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक स्लाइसआधी ढवळायचं, नाहीतर पहिला टोस्ट पांचट आणि शेवटचा पिठूळ होतो. दुसरं म्हणजे हे मिश्रण पातळ असल्यानं ब्रेड ते झपाट्यानं ओढतो. एका बाजूला ८-१० सेकंदांहून जास्त ठेवू नका. पीठ तापल्यावरच दाटतं, तेव्हा मंद आचेवर दर बाजूला तीन ते चार मिनिटं द्या. वरचा थर पिठासारखा निस्तेज दिसतोय तोवर उतरवायची घाई नको. काही जण यात बेसन घालतात. रंग छान येतो, पण गोडाला धिरड्याची चव येते, म्हणून आमचं मत विरुद्ध.

प्रश्न : आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे सीताफळं ढिगानं येतात. मिश्रणात गर घालून टोस्ट केला तर कडवट झाला. असं का? (एक वाचक, बीड)

उत्तर : सीताफळाचा गर आचेवर चढवायचाच नसतो. तापला की तो कडवट आणि कणीदार होतो. बासुंदीतही तो सगळं गार झाल्यावरच घालतात, हाच नियम इथे. शिवाय गरात पाणी आणि साखर दोन्ही भरपूर, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि तव्याला धरतं.

कडवटपणाचं दुसरं कारण बिया असू शकतात. मिक्सरमध्ये बिया फुटल्या तर कडूपणा तर उतरतोच, पण बियांचा आतला भाग विषारी असतो आणि त्याची पूड डोळ्यांना फार घातक. मिक्सर नकोच. गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून चमच्याच्या पाठीनं दाबा, बिया वर राहतात. बालाघाटाच्या डोंगररांगेतली सीताफळं गोड असतात, तेव्हा साखर चाखूनच घाला, बहुतेक लागणार नाही.

चार जणांसाठी मध्यम आकाराची ४ पिकलेली फळं पुरतात. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर दिसल्या की फळ तयार. कच्चं असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि फळ धड पिकत नाही. १०० मिली कोमट दुधात ५० ग्रॅम खवा विरघळवा. कुंथलगिरीचा मिळाला तर प्रश्नच नाही. हे पूर्ण गार करून त्यात गर मिसळा आणि वाटीत घालून गरम टोस्टच्या बाजूला द्या. टोस्टवर ओतून ठेवू नका, खाताना ज्याचा त्यानं घ्यावा.

प्रश्न : जालन्याची मोसंबी टोस्टबरोबर कशी वापरावी? आणि मेपल सिरपऐवजी काय? (एक वाचक, अंबड)

उत्तर : दोन्हींचं उत्तर एकच पाक आहे. १०० ग्रॅम गूळ ४ मोठे चमचे पाण्यात विरघळवून गाळा, मग तीन-चार मिनिटं उकळा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून पातळ असतानाच उतरवा. कोमट झाला की २ मोठे चमचे मोसंबीचा ताजा रस घाला. रस उकळला किंवा काढून बराच वेळ ठेवला तर कडू होतो. फोडींवरचं पांढरं आवरण आणि बिया काढून फोडी दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या. मोसंबीचा रस दुधाच्या मिश्रणात कधीच घालू नका, दूध फाटेल.

प्रश्न : ‘डबल का मीठा’ आणि फ्रेंच टोस्ट यांत फरक काय? ब्रेड, दूध, तूप तर दोन्हींत आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फरक क्रमाचा आहे. फ्रेंच टोस्टमध्ये ब्रेड आधी भिजतो, मग भाजला जातो. ‘डबल का मीठा’त तो आधी तुपात कुरकुरीत तळतात आणि मग पाकात-दुधात मुरवतात. म्हणूनच त्याला बांधायला अंडं लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादी थाटाचा हा पदार्थ आपल्याकडच्या दावतींत अजून असतो, तो त्याच नात्यानं.

प्रश्न : घरी दहा माणसं आहेत. पहिल्याचा टोस्ट शेवटच्यापर्यंत गार होतो आणि झाकून ठेवला तर मऊ पडतो. फळं म्हणून केळी चालतील का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : झाकू नका आणि एकावर एक रचूही नका, वाफेनंच तो मऊ पडतो. ओव्हन असेल तर १०० अंशांवर जाळीवर पसरून ठेवा. नसेल तर दुसऱ्या शेगडीवर अगदी मंद आचेवर रिकामा तवा, त्यावर उभी जाळी आणि जाळीवर टोस्ट. वीस मिनिटं तरी कड कुरकुरीत राहते. दहा जणांना २० स्लाइस धरा, म्हणजे १० अंडी आणि ६०० मिली दूध. मिश्रण दोन वाटणीत करा आणि दुसरी वाटणी लागेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात कच्च्या अंड्याचं मिश्रण ओट्यावर ठेवून गप्पा मारू नयेत.

अर्धापूरच्या भागातली केळी घरातच म्हटल्यावर प्रश्न कसला! फक्त पिकून काळी पडलेली नकोत, पिवळी आणि घट्ट घ्या. ५ केळ्यांचे तिरके जाड काप करा. दीड मोठा चमचा तूप तापवून त्यात ३ मोठे चमचे किसलेला गूळ आणि २ चमचे पाणी घाला, गूळ फेसाळला की काप एका थरात मांडा. दर बाजूला एकच मिनिट. जास्त ढवळलं की शिकरण होईल.

सगळंच गोड दोन घासांनंतर नकोसं होतं. बाजूला मठ्ठा आणि थोडे खारे शेंगदाणे ठेवा. ठेचा कोणी मागितलाच तर नाही म्हणू नका.