पुण्याहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं आहे. आम्ही दोघंही नवशिके आहोत, बर्फही कधी पाहिलेला नाही. बेत कसा आखावा?

सगळ्यात आधी, ते 'श्रीनगर-गुलमर्ग-पहलगाम' पॅकेज विसरा. त्यात गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर, टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी, मग गंडोलाची (केबल कारची) रांग, फोटो, आणि अंधार पडायच्या आत परत. स्कीइंग म्हणजे पायात स्की अडकवून कुणीतरी चार पावलं ढकलणार. शिकायचंय ना? मग मुक्काम गुलमर्गलाच, निदान चार रात्री.

नाताळच्या सुट्टीचा मोह टाळा. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे कडाक्याची थंडी, पण थंडी पडली म्हणून बर्फ पडतोच असं नाही. जानेवारी 2024 मध्ये बराच काळ गुलमर्गचे उतार कोरडे होते. फेब्रुवारी त्यातल्या त्यात भरवशाचा.

गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगरावर, जवळपास 3,950 मीटरला. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. वर फिरायला जरूर जा, पण स्की घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जायचं तुम्हाला काहीच कारण नाही. तिथले उतार सरावलेल्यांचे आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या उतारांवर एक परदेशी स्कीअर त्यातच गेला. तुमची शाळा खाली, गोल्फ कोर्सजवळच्या सौम्य उतारांवर. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिच्या कोर्सला जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर खासगी प्रशिक्षक घ्या, पण रोज तोच ठेवा.

स्की, बूट भाड्याने तिथेच मिळतात. बुटाच्या बाबतीत मात्र भीड ठेवू नका. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून पुढे झुकलं की थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, दुकानदार कितीही 'चलेगा साब' म्हणो. मोजा एकच घाला, लोकरीचा. दोन घातले की बक्कल आवळल्यावर पाय बधिर होतो. जीन्स घरीच राहू द्या. एकदा भिजली की वाळत नाही, आणि पहिल्या दिवशी तुम्ही सारखे पडणार आहात.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, म्हणजे सिंहगडाच्या दुप्पट उंचीवर. तेव्हा महिनाभर आधीपासून दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढा, आणि उतरतानाही चालतच उतरा. मांड्या तिथेच तयार होतात. (झुणका-भाकरीला माझी हरकत नाही.)

बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. विमा काढलात तर त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा. आणि परतीच्या विमानाआधीची रात्र श्रीनगरला काढा. बर्फ जोरात पडला की टंगमर्गचा घाट अडतो, कधी विमानंही रद्द होतात, त्यामुळे ऑफिसात रजा सांगताना एक दिवस जास्तीचाच सांगा.