दिवसातून चाळीस वेळा नाक दाबणारा तरुण

"दोन महिने दिवसातून चाळीस वेळा नाक दाबून पाहतो आहे, पण स्वप्नात एकदाही भान आले नाही. उलट आता जागेपणीच शंका येते, की हे खरे आहे ना?" समोर बसलेल्या तरुणाची तक्रार अशी दुहेरी होती. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्न चालू असतानाच उमगणे, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग, त्याला साधायचे होते. त्यासाठी जागेपणी वरचेवर नाक दाबून 'हे स्वप्न तर नाही ना' अशी तपासणी करण्याची सवय लावतात, म्हणजे तीच तपासणी स्वप्नातही होते. हे थोतांड नव्हे. इंग्लंडमधील हल येथे मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये झोपलेल्या व्यक्तीने स्वप्नातून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी दिलेली खूण यंत्रावर नोंदवली होती.

मी आधी दुसऱ्या तक्रारीकडे वळलो. शंका एका तपासणीने मिटते की पुन्हा पुन्हा नाक दाबावे लागते, असे विचारल्यावर, ताण असला की 'बरे वाटेपर्यंत' दाबतो, असे तो म्हणाला. याला मी सराव म्हणत नाही; ही चिंतेने लावलेली सक्ती आहे. भास, आवाज ऐकू येणे किंवा घरात कोणाला तसा आजार असणे यांपैकी काही नाही, याची खात्री करून घेतल्यावर मी तीन आठवडे सगळ्या तपासण्या बंद करायला लावल्या आणि उठल्याबरोबर स्वप्न लिहून ठेवणे एवढेच चालू ठेवले. शंका ओसरली. ती ओसरली नसती, तर मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

मग त्याला माझ्यासमोर तपासणी करायला सांगितली. त्याने मोबाइलवरची नजर न हलवता नाक चिमटीत धरले आणि सोडले. अडचण इथेच होती. स्वप्नात बहुतेक वेळा नाक दाबूनही श्वास चालू राहतो, मजकूर दुसऱ्यांदा वाचताना बदललेला दिसतो, हे खरे. परंतु सवय जशी जडते तशीच स्वप्नात उतरते, आणि प्रश्न न विचारता दाबलेले नाक तिथेही प्रश्नाविनाच दाबले जाते. म्हणून चाळीसऐवजी पाच वेळा, आणि दर वेळी आधी थांबून 'अर्ध्या तासापूर्वी मी कुठे होतो, इथे कसा आलो, इथे काही विचित्र आहे का' हे मनापासून तपासायचे, असे ठरले. त्याच्या वहीत जिने वारंवार येत होते, त्यामुळे प्रत्येक जिन्यापाशी एक तपासणी ठेवली. पहाटे उठून 'पुढच्या स्वप्नात मला भान येईल' असा निश्चय घोकत पुन्हा झोपण्याची पद्धत नुसत्या तपासणीपेक्षा अधिक उपयोगी ठरते, हेही मी सांगितले. मात्र तिच्यात झोप मोडते, म्हणून ती आठवड्यातून एकदाच.

पुढे महिन्याभराने तो आला. स्वप्नात एक जिना संपतच नव्हता, तो का संपत नाही असे वाटून त्याने नाक दाबले आणि श्वास आला. भान दहा सेकंदही टिकले नाही, आनंदाने जागच आली, हे त्याने काहीशा नाराजीने सांगितले.