केनियाच्या खेड्यात दोन महिने स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर आधी काय बघावं?

उत्तर : आधी स्वतःला विचारा, तिथल्या माणसाला येत नाही असं मला काय येतं? नर्सिंग, पंपदुरुस्ती, हिशेब, काहीही चालेल. नुसतं 'मुलांना शिकवेन' म्हणून जाऊ नका. दोन महिन्यांत मुलांना लळा लागतो आणि तुम्ही निघून येता. अनाथाश्रमाचं काम तर कृपा करून घेऊच नका. तिथल्या कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पैसे भरणारे पाहुणे येत राहतात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जातात. हे माझ्या मनाला फार लागतं.

वर्षभर देता येत असेल आणि कामाचा अनुभव असेल तर १९७१ पासून चालू असलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम बघा. तिथे पैसे भरायचे नसतात, उलट निर्वाह भत्ता मिळतो.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतताना भारतात विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

थोडी स्वाहिली शिकाच. चहाला तिथेही 'चाय'च म्हणतात, दुकानाला 'दुका'. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, हाताने खायची, आपल्या भाकरीसारखी मोडून, सुकुमा विकी या पालेभाजीबरोबर.