एक्स त्याच क्लासला आहे, ब्रेकअपमधून बाहेर कसं पडू?

तू लिहिलंयस की बारावी सायन्स, नाशिकच्या कॉलेज रोडचा क्लास, दीड वर्षाचं नातं तुटलं, तो त्याच बॅचला आहे, 'आपण मित्र राहू' असं ठरलंय आणि त्याच ग्रुपमधला दुसरा मुलगा आता आवडायला लागलाय.

आधी ते 'मित्र राहू' रद्द कर, निदान सीईटी होईपर्यंत. अकरावी-बारावीला शिकवताना मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची येते. ज्याने नातं तोडलं त्याचं मन हलकं होतं आणि दुसरी मात्र रात्री 'जेवलीस का' या मेसेजची वाट बघत बसते. आठवणींपेक्षा जास्त छळते ती रोजची ताजी बातमी: कुणाच्या फोटोला लाइक दिलं, गंगापूर रोडला कुणाबरोबर दिसला. ती बातमी येणं बंद कर.

आजच फोन घेऊन बस. इन्स्टाग्राम आणि जीमेलचे पासवर्ड बदल, फोनचा पॅटर्नही. दीड वर्षात ते एकमेकांना माहीत झालेलेच असतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघड. तिथे त्याचा लॅपटॉप दिसला तर लॉग आउट कर. बाकीचे पासवर्ड बदलून ते बंद होत नाही आणि नेमकं हेच राहून जातं. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग बंद कर, स्नॅपचॅटला घोस्ट मोड लाव. इन्स्टावर त्याच्या पोस्ट आणि स्टोरी दोन्ही म्यूट कर, त्याला कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस वेगळं म्यूट करावं लागतं. रागाच्या भरात ब्लॉक केलंस की त्याचे मित्र चौकशीला येतात आणि रात्री तूच अनब्लॉक करतेस. तो पिच्छा पुरवत असेल तर मात्र सरळ ब्लॉक.

चॅट तडकाफडकी उडवू नकोस, नंतर हळहळ वाटते आणि ती मागायला त्याच्याकडेच जावं लागतं. एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घे, तो मावसबहिणीकडे ठेवायला दे आणि मग फोनमधून काढ. मैत्रिणीच्या अकाउंटवरून त्याची प्रोफाइल बघायची नाही. बातम्या आणून देणाऱ्या मैत्रिणीला स्पष्ट सांग की मला त्याचं काही सांगू नकोस.

क्लासमध्ये बॅच बदलून मिळत असेल तर माग, 'वेळ जमत नाही' एवढं कारण पुरतं. नाहीतर पहिल्या बाकावर बस, म्हणजे तो नजरेसमोर राहणार नाही. सुटल्यावर पार्किंगमध्ये रेंगाळू नकोस. रात्री दहानंतरचा वेळ सगळ्यात वाईट, कारण तो त्याच्याशी बोलण्याचा होता. तेव्हा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि झोप गेली की रडूही जास्त येतं. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालून ये. सोमेश्वर, नेहमीचं मिसळीचं ठिकाण, तिथे काही आठवडे जाऊ नकोस. नंतर भावंडांबरोबर मुद्दाम जा, म्हणजे ती जागा परत तुझी होईल.

नवीन मुलाबद्दल म्हणशील तर आत्ता नको. त्याच ग्रुपमधला आहे, म्हणजे सगळ्या बातम्या परत सुरू. त्याच्याशी बोलताना अर्धा वेळ जुन्याचाच विषय निघतो का, आणि त्याच्याबरोबरचा फोटो टाकताना जुन्याने बघावा असं वाटतं का, ते तपास. दोन्हीचं उत्तर 'नाही' येऊ लागलं की पुढे जा, सावकाश. अठरा पूर्ण होईपर्यंत शारीरिक संबंधांना कायद्यात संमती धरत नाहीत, पोक्सो (मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतो, हे दोघांनीही लक्षात ठेवायचं.

जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव. घरात एकाला तरी सांग आणि १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असतं. तो फोटोंवरून धमकावत असेल तर स्क्रीनशॉट ठेव, पैसे किंवा आणखी फोटो देऊ नकोस, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन लाव.

आणि हे कुणा आईवडिलांच्या वाचनात आलं तर माझं त्यांच्याशी जुनंच भांडण आहे. कळल्याबरोबर फोन काढून घेऊ नका. मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून तेच बघत राहते आणि उद्या कुणी धमकावलं तर फोन जाईल या भीतीने तुम्हालाच सांगत नाही.